माती नासत नाही, मग तारीख कशाची?



आजचा विषय फलकावर वाचून काहींनी मला दारातच विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, मग हे मुलतानी मातीचं काय काढलंत?’ विचारणं रास्त आहे. पण न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा आयुष्यभराचा सोबती कोण, तर घट आणि माती. घट कशाचा झाला, घट फुटला म्हणजे नेमकं काय झालं, समोरच्या जमिनीवर घट नाही हे आपल्याला कशावरून कळलं, या प्रश्नांवर आमच्या कित्येक पिढ्यांची पोटं भरली. (हशा) तेव्हा मातीचं ऋण आहे, ते थोडं फेडावं म्हणतो.

मुलतानी मातीचं एखादं पाकीट हातात घ्या. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘100 टक्के नैसर्गिक’. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वापरण्याची मुदत असते, कुठं 24 महिने, कुठं 36 महिने. आता गंमत पाहा. ही माती राजस्थानात बाडमेर, बिकानेर या भागांतल्या खाणींतून येते. तिथं ती कोट्यवधी वर्षं पडून होती. कोट्यवधी वर्षं जिला काही झालं नाही, ती पाकिटात भरल्यावर 24 महिन्यांत खराब कशी होते?

या प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरं मिळतात. एक पक्ष म्हणतो, तारीख वगैरे सगळी कंपन्यांची चलाखी. माती ती माती, दहा वर्षं वापरा. दुसरा पक्ष तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी पाकीट कचऱ्यात टाकतो. पण तोच दुसरा पक्ष मुदतीतल्या मातीचा लेप पाण्यात कालवून चार दिवस न्हाणीघरात ठेवतो, आणि मुदत आहे म्हणून निर्धास्त असतो. माझ्या मते दोघंही एकाच ठिकाणी चुकतात. ‘खराब होणं’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि त्या तीन गोष्टी वेगळ्या केल्याच नाहीत तर उत्तर मिळणार नाही.

पहिला अर्थ, वस्तू स्वतःच बदलते. दूध नासतं, तेल खवट होतं. दुसरा अर्थ, वस्तू तीच राहते पण तिच्यात दुसरं काहीतरी शिरतं. विहिरीत उंदीर पडला तर पाणी पाणीच असतं, पण पिण्याजोगं राहत नाही. तिसरा अर्थ, वस्तू निर्धोक असते, पण ज्या कामासाठी घेतली ते काम करत नाही. सर्दावलेली आगपेटी घ्या. ती बाधत नाही, पण पेटतही नाही. आता आपल्या मातीला हे तिन्ही अर्थ लावून पाहू.

आधी माती म्हणजे काय ते पाहिलं पाहिजे. मुलतानी माती हे नाव मुलतान या आज पाकिस्तानात असलेल्या शहरावरून आलं. इंग्रजीत तिला ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीचं कापड धुऊन, तुडवून घट्ट करणारा कारागीर. लोकरीतला तेलकटपणा काढायला तो ही माती वापरायचा. नावातच गुण सांगितला आहे बघा: ही माती तेल ओढून घेते. या जातीच्या मातीत जी खनिजं असतात, त्यांतल्या एका महत्त्वाच्या खनिजाचं नाव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या माँटमोरियाँ या गावावरून 1847 साली ते नाव दिलं गेलं. सौंदर्यप्रसाधनांतली दुसरी प्रसिद्ध माती म्हणजे काओलिन. तिचं नाव चीनमधल्या काओलिंग या ठिकाणावरून आलं. तिथली माती चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरली जाई.

माँटमोरिलोनाइटची रचना समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपल्या देशावरची काळी कापसाची जमीन डोळ्यांपुढं आणा. पावसाळ्यात ती फुगते, पायाला चिकटते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घरांच्या भिंती म्हणूनच तडकतात. याचं कारण तेच खनिज. ते वहीच्या पानांसारखं थरांचं बनलेलं असतं. एकेक थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पानांच्या मधे पाणी शिरतं, पानं एकमेकांपासून लांब सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की पानं पुन्हा जवळ येतात. पानं इतकी पातळ, म्हणून एका ग्रॅम मातीचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग मांडला तर तो कित्येकशे चौरस मीटर भरतो. एवढ्या पृष्ठभागावर तेल, रंग, वास, वाफ, जे येईल ते चिकटतं.

आता पहिला अर्थ लावा. ही माती स्वतः बदलते का? घरातल्या तापमानाला, कोरड्या जागी, नाही. तिच्यात खवट व्हायला तेल नाही, आंबायला साखर नाही. सिलिका आणि ॲल्युमिना यांचे हे थर 24 महिन्यांत काय, आपल्या आयुष्यात जसेच्या तसे राहतील. म्हणजे पहिला पक्ष इथपर्यंत बरोबर आहे.

पण तो पक्ष इथंच थांबतो, आणि खरी गोष्ट पुढंच आहे.

न्यायशास्त्रातलं एक जुनं उदाहरण सांगतो. जिथं धूर तिथं अग्नी, हा नियम पक्का आहे. पण उलटं म्हणून पाहा, जिथं अग्नी तिथं धूर. हे खरं आहे का? तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर केव्हा होतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी म्हणजे ती लपलेली अट, जी असली तरच नियम लागू पडतो, आणि जिचा उल्लेख करायला आपण विसरलेलो असतो.

‘माती ठराविक काळानं खराब होते’ या विधानातही अशीच एक उपाधी लपलेली आहे, आणि योगायोग असा की तीही ओलच आहे. काळ मातीला खराब करत नाही, ओल करते. काळ जितका जास्त, तितकी ओल शिरायची संधी जास्त, एवढाच काळाचा संबंध.

सूक्ष्मजीवशास्त्रात यासाठी एक माप आहे. एखाद्या पदार्थात जंतूंना वापरता येण्याजोगं पाणी किती, हे 0 ते 1 या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे 1. बहुतेक जिवाणूंना वाढायला 0.9च्या वर लागतं. बुरशी त्याहून कमी पाण्यावर भागवते. आणि 0.6च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. लक्षात घ्या, ‘वाढत नाही’ म्हटलं, ‘मरतो’ म्हटलं नाही. हा फरक पुढं कामाला येणार आहे.

आता हे माप आपल्या हवेशी जोडू. भुकटी उघडी ठेवली तर ती हवेतली ओल घेत घेत हवेशी बरोबरी करते. जुलै महिन्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांच्या घरात असते. त्या हवेत झाकण नीट न लावलेली बरणी महिनाभर ठेवली, तर आतल्या भुकटीचं माप 0.8च्या पुढं जाऊ शकतं. म्हणजे बुरशीला चालेल इतकं. हीच बरणी मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला असती तर तिला काही झालं नसतं. माती तीच, पाकीट तेच, तारीख तीच. फरक फक्त उपाधीचा.

शुद्ध मातीत ओल शिरली तरी जंतूंना खायला फारसं काही मिळत नाही, हे खरं. पण आपल्याकडं शुद्ध माती किती जण वापरतात? दिवाळीचं उटणं घ्या. त्यात मुलतानी माती असते, त्याबरोबर आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, चंदन, संत्र्याच्या सालीची पूड असते. कुणी मसुराचं पीठ घालतं, कुणी बेसन, कुणी दुधाची पावडर. मसूर आणि बेसन म्हणजे जंतूंसाठी पंचपक्वान्न. शिवाय पोरकिडे, अळ्या, जाळी. इथं एक उलटा विचार करून पाहा. आपल्याकडं कडधान्याला राख किंवा माती चोळून साठवायची पद्धत आहे. कोरडी बारीक भुकटी किडीच्या अंगावरचा मेणचट थर घासून, शोषून घेते आणि कीड वाळून मरते. म्हणजे कोरडी माती धान्याची राखण करते. पण तीच माती चमचाभर आणि बेसन वाटीभर असेल, वर पावसाळ्याची ओल असेल, तर राखणदाराचं काही चालत नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना हा फरक माहीत होता. शार्ङ्गधर संहितेत औषधांच्या वीर्याची मुदत सांगितली आहे. वनस्पतींचं चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होतं असं तिथं म्हटलं आहे. आणि त्याच ठिकाणी आसव, धातू आणि रसौषधी जुन्या झाल्या की अधिक गुणकारी होतात असंही म्हटलं आहे. मुलतानी माती त्या यादीत आहे असा माझा दावा नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच, की सगळ्या पदार्थांना एकच मुदत लावायची नाही, कशाचं काय बनलंय ते आधी पाहायचं, ही शिस्त त्या विचारात आहे. वनस्पतीच्या चुर्णाला दोन महिने देणारा वैद्य उटण्याच्या गेल्या दिवाळीच्या पुडीला काय म्हणेल, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा पहिला नियम असा: मिश्रणाचं आयुष्य त्यातल्या सर्वांत अल्पायुषी घटकाइतकं. मातीच्या नावावर बेसनानं जगायचं नाही.

आता जरा गंभीर भाग. समजा बरणीतली माती कोरडी आहे, भुरभुरीत आहे, रंग तोच आहे, वास नाही. मग ती जंतुरहित आहे असं म्हणता येईल का?

पुन्हा घटाकडं येऊ. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे अनुमान बरोबर. पण अंधार असेल तर? मीमांसक आणि नैयायिक म्हणतात, न दिसण्यावरून अभाव सिद्ध व्हायचा तर ती वस्तू तिथं असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. घट उजेडात दिसायला योग्य आहे. जंतू डोळ्यांनी दिसायला योग्यच नाहीत. म्हणून ‘मला काही दिसलं नाही’ यावरून ‘काही नाही’ हे कधीच सिद्ध होत नाही.

आणि मातीच्या बाबतीत हा केवळ तर्क नाही. जमिनीतल्या काही जिवाणूंना एक विलक्षण कला साधली आहे. प्रतिकूल काळ आला की ते स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होतात. ना खाणं, ना वाढणं. कोरड्या भुकटीत ते वर्षानुवर्षं पडून राहतात. मघाशी म्हणालो ना, ‘वाढत नाही’ आणि ‘मरतो’ यांत फरक आहे, तो हा. धनुर्वाताचा जिवाणू याच जातीचा. धडधाकट त्वचेवर त्याचा बीजाणू पडला तर काही होत नाही, धुतला जातो. पण जखमेच्या आत, जिथं हवा पोचत नाही, तिथं तो जागा होतो.

नवजात बाळाची ताजी कापलेली नाळ म्हणजे जखमच. तिच्यावर माती, राख, शेण लावायची रीत देशाच्या अनेक भागांत होती, आणि त्यातून किती बाळं गेली याचा विचार केला की मन सुन्न होतं. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळं माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झालं, असं 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाणित केलं. निर्मूलन याचा अर्थ प्रमाण अगदी खाली आलं. जमिनीतले बीजाणू कुठं गेलेले नाहीत. ही गोष्ट केवळ अडाणी रीतींची आहे असं समजू नका. औषधनिर्माणाच्या पाठ्यपुस्तकांत 1946 सालची एक नोंद असते: टाल्कम पावडरीत धनुर्वाताचे जंतू सापडल्याची. छान डब्यातली, सुवासिक, कोरडी, पांढरीशुभ्र पावडर. बघणाऱ्याला तिच्यात काय दिसणार होतं?

म्हणून दुसरा नियम, आणि याला अपवाद नाही. चेहऱ्याची माती उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागेवर, फुटलेल्या फोडावर, बाळाच्या नाळेवर लावायची नाही. तारीख कितीही ताजी असो, बरणी कितीही कोरडी असो.

याच कारणानं सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन वेगळ्या मर्यादा आहेत. साधारण प्रसाधनात एका ग्रॅममध्ये 1000 सूक्ष्मजीवांपर्यंत चालतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी किंवा डोळ्यांजवळ वापरायचं असेल तर 100. आणि काही ठराविक रोगकारक जंतू अजिबात नसावे लागतात. म्हणजे मानकसुद्धा ‘जंतू शून्य’ असं म्हणत नाही. ते विचारतं, कुणासाठी आणि कुठं?

आता त्या ‘नैसर्गिक’ शब्दाकडं येतो. नैसर्गिक आहे म्हणून चांगलं, या युक्तिवादाला बरेच जण जी. ई. मूर यांनी 1903 साली वर्णिलेला निसर्गवादी तर्कदोष म्हणतात. ते काटेकोरपणे बरोबर नाही. मूर यांचा मुद्दा ‘चांगलं’ या शब्दाच्या व्याख्येचा होता. पण युक्तिवाद सदोष आहेच. धनुर्वाताचा बीजाणू पूर्णपणे नैसर्गिक आहे. शिसं नैसर्गिक आहे. जमिनीतून काढलेल्या कोणत्याही मातीत शिसं, आर्सेनिक यांसारखे धातू कमी-अधिक असतातच. ते किती, हे खाणीवर अवलंबून. 2016 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बेन्टोनाइट मातीच्या दोन उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं, कारण तपासणीत शिशाचं प्रमाण जास्त आढळलं. धड त्वचेतून शिसं फारसं आत जात नाही. धोका पोटात जाण्याचा. लहान मूल आईच्या चेहऱ्याला हात लावतं आणि हात तोंडात घालतं.

आणि इथं पुन्हा दोन प्रश्न वेगळे ठेवा. शिसं मुदत संपली म्हणून वाढत नाही, आणि मुदत शिल्लक आहे म्हणून कमीही होत नाही. साठवण कितीही उत्तम केली तरी मुळात वाईट असलेली माती चांगली होणार नाही. तो प्रश्न विकत घेतानाच सोडवायचा: उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, मुदत हे सगळं पाकिटावर आहे का ते पाहायचं. गोणीतून सुटी मोजून दिलेली माती स्वस्त असते, पण तिच्याबद्दल उद्या जाब कुणाला विचारणार?

आता तारीख म्हणजे काय ते सांगता येईल. तारीख मातीचा गुणधर्म नाही. मातीच्या वजनासारखी, रंगासारखी ती मातीत सापडत नाही. तारीख हे वचन आहे. उत्पादक म्हणतो, मी सांगितलेल्या घटकांचा माल, मी बंद केलेल्या पाकिटात, कोरड्या थंड जागी ठेवलात, तर या दिवसापर्यंत त्याची जबाबदारी माझी. प्रत्येक वचनासारखं तेही सशर्त आहे. पाकीट फोडून तुम्ही ओला हात आत घातलात की वचनातली तुमची बाजू तुम्हीच मोडली. युरोपात यासाठी एक चिन्ह छापतात, उघड्या डबीचं चित्र आणि त्यात 6 किंवा 12 असा महिन्यांचा आकडा. ज्या मालाची न उघडता मुदत 30 महिन्यांहून जास्त, त्यावर उघडल्यानंतर किती महिने चालेल ते सांगायचं. कल्पना अचूक आहे. कारण आयुष्याची दुसरी गणना डबी उघडल्या दिवसापासून सुरू होते.

इथं बचत गटांतल्या भगिनी बसल्या आहेत, त्यांना दोन शब्द. दिवाळीला तुम्ही उटणं करता, ते विकून कुणाच्या मुलाची फी जाते, हे मला माहीत आहे, म्हणून आदरानं सांगतो. शेजारच्या पाकिटावर 24 महिने लिहिलंय म्हणून आपल्यावरही 24 लिहायचं, हे करू नका. त्याचं वचन त्याच्या घटकांबद्दल आहे. तुमच्या उटण्यात मसुराचं पीठ असेल आणि पुडी पातळ प्लास्टिकची असेल, तर ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही. विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो, तो घ्या. घटक नीट वाळवून दळा. पीठ वेगळ्या पुडीत द्या आणि ‘लावतेवेळी मिसळा’ असं लिहा. मुदत कमी लिहिली तर विक्री कमी होईल ही भीती असते. पण गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीला परत येतं ते पाळलेल्या वचनामुळं.

आता साठवण. माती चिकटवून घेणारी आहे आणि ओल हा तिचा शत्रू, एवढं समजलं की बाकीचे नियम तुम्ही स्वतःच काढू शकाल. तरी सांगतो.

घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी उत्तम. जाड प्लास्टिकचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा चालेल. बरणी धुतली असेल तर उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय भरू नका. न्हाणीघरात ठेवू नका. गरम पाण्याची वाफ रोज तिथं पावसाळा करते. फ्रिजमध्येही नको. थंड बरणी बाहेर काढून उघडली की दमट हवेतलं पाणी भुकटीवरच उतरतं. कपाटाचा कोरडा खण पुरे.

माती वास ओढते, म्हणून डांबराच्या गोळ्या, फिनेल, रॉकेल, धुण्याची पावडर यांच्या शेजारी ठेवू नका. मघाचा तिसरा अर्थ आठवा, सर्दावलेल्या आगपेटीचा. ज्या मातीनं फिनेलचा वास आधीच पोटात घेतला, ती तुमच्या चेहऱ्यावर काय देईल?

मोठं पाकीट असेल तर दोन वाटे करा: एक लहान बरणी वापरायची, दुसरी बंद. पावसाळ्यात मोठी उघडायचीच नाही. बरणीवर चिठ्ठी लावा: पाकिटावरची मुदत आणि उघडल्याची तारीख. घेताना कोरडा चमचा. माझा व्यवहाराचा अंदाज असा: नुसती माती उघडल्यावर वर्षभरात संपवावी, पाकिटावरची मुदत त्याआधी असेल तर तोवर. पीठ किंवा वनस्पतींचं चूर्ण घातलेलं मिश्रण दोन-तीन महिन्यांत. आणि कालवलेला लेप त्याच वेळी, उरला तर टाकून द्यायचा. कारण पाणी घातलं की ते 0.6 वगैरे सगळं संपलं. माप थेट 1 जवळ जातं आणि झोपलेले सगळे जागे होतात.

एवढं बोलून मी थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

श्रोता: सर, गुलाबपाण्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर टिकतो ना? गुलाबपाण्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतंच.

ते असतं गुलाबपाण्यापुरतं. मातीत कालवलंत की ते पातळ होतं, शिवाय मातीची पानं काही प्रिझर्व्हेटिव्हच स्वतःवर चिकटवून घेतात. जंतूंसाठी ते शिल्लकच राहत नाही. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. चमचाभर मातीसाठी हा धोका कशाला? ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घालतात तेही असंच. ते तेल खवट होण्याला आवर घालतं, जंतूंना नाही.

श्रोता: तव्यावर भाजून घेतली तर?

भाजल्यानं किंवा उन्हात घातल्यानं ओल जाते, हा फायदा खरा. पण बीजाणू मारायला कोरडी उष्णता लागते ती भट्टीत 160 अंश सेल्सिअसला दोन तास, तीही सगळीकडं सारखी. तव्यावर एक बाजू करपते, दुसरी कोमट राहते. शिवाय बारीक धूळ उडते, ती श्वासात जाणं चांगलं नाही. तेव्हा ओल घालवायला ऊन द्या, पण ‘आता निर्जंतुक झाली’ असं म्हणू नका.

श्रोता: धातूचा चमचा लागला तर माती निकामी होते असं वाचलं.

कोरडा स्टीलचा चमचा क्षणभर लागल्यानं काही होत नाही. खाणीत तिला लोखंडाच्याच अवजारांनी काढतात आणि गिरणीत दळतात! (हशा) हं, लिंबू किंवा दही घालून तांब्याच्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात भिजत ठेवू नका. ती आंबटाची आणि धातूची गोष्ट आहे, त्याला मातीचा दोष नाही. चमचा कशाचा आहे यापेक्षा तो ओला आहे का, हे पाहा.

श्रोता: गणपतीची उरलेली शाडू माती चालेल का?

नको. ती मूर्तीसाठी आणलेली, मूर्तीसाठी हाताळलेली. त्वचेसाठी ती कुणी तपासलेली नसते. विसर्जनानंतर झाडाला घाला.

श्रोता: सुनेला दिवस गेलेत, ती ही माती चोरून खाते. काय करावं?

बाळकृष्णानं माती खाल्ली तर यशोदेला विश्व दिसलं. आपल्या सुनेच्या बाबतीत डॉक्टरांना रक्त दाखवावं. माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा शरीरात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. तिला रागावू नका, तपासणी करून घ्या, आणि बरणी हलवा. चेहऱ्याची माती खाण्यासाठी तपासलेली नसते. मघाची शिशाची गोष्ट इथं सर्वांत जास्त लागू आहे.

श्रोता: माझ्याकडं न फोडलेलं पाकीट आहे, तारीख उलटून चार महिने झाले. टाकू की वापरू?

आज जे बोललो त्याची ही परीक्षाच. तारीख संपली म्हणजे काय संपलं? उत्पादकाचं वचन संपलं. माती त्या मध्यरात्री विषारी झाली नाही. आता जबाबदारी तुमच्यावर आली, एवढाच फरक. घटक वाचा. पीठ, साल, चूर्ण, दूध काही असेल तर टाका, विचार करू नका. नुसती माती असेल, शिवण पक्की असेल, गुठळ्या, डाग, कुबट वास नसेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबा. मग मोठ्या माणसाच्या धड त्वचेला लावायला मी हरकत घेणार नाही. लहान मुलाला मात्र नाही. आणि मनात जराही शंका राहिली, तर नुसती माती आहे, कुंडीत टाका. ती जिथून आली तिथंच परत गेली, यात नुकसान काही नाही.

वेळ झाली.